गळाच्या वजनांसाठी भंगारातले शिसे वितळवणे आणि स्वच्छ करणे

शिसे वितळवायला मोठी भट्टी लागत नाही. ३२७ अंश सेल्सिअसला ते पातळ होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओततात तेव्हा तापमान तेराशेच्या वर असते. शिसे साध्या चुलीवरच्या कढईतही वितळते, आणि त्यामुळेच लोक त्याला हलक्यात घेतात. कोल्हापुरात कुणाचा चुलता मोल्डर असतो, कुणाचा मामा पॅटर्न करणारा, त्यामुळे वितळलेल्या धातूची आपल्याला फारशी भीती वाटत नाही. शिशाच्या कामात मात्र आगीपेक्षा दोन गोष्टींना जास्त जपावे लागते. काम सुरू होण्याआधी भंगारात, पळीत, साच्यात लपलेले पाणी, आणि काम चालू असताना व संपल्यावर हातावर, कपड्यांवर, अंगणात बसणारी धूळ. पुढे जे सांगितले आहे त्यातले बहुतेक या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

हे सगळे गळाची आणि जाळ्याची वजने ओतण्यासाठी आहे. पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठाला गळ टाकणाऱ्याची वजने दगडात अडकून हमखास तुटतात, आणि पाग (फेकायचे गोल जाळे) टाकणाऱ्याला त्याच्या घेराला लावायला किलोंनी शिसे लागते. भंगारातून स्वतः वजने ओतली तर ती हवी त्या आकाराची मिळतात आणि स्वस्तही पडतात. बंदुकीच्या गोळ्या ओतणे हा विषय इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय तसे काही घरी करणे हा गुन्हा आहे. वितळवण्याची आणि साफ करण्याची रीत सारखीच असली तरी कायदा वेगळा आहे, हे ध्यानात ठेवा.

कुठले शिसे घ्यायचे, कुठले नाही

शुद्ध शिसे मऊ असते. नखाने ओरखडा उठतो, हाताने पट्टी वाकते. जमिनीवर टाकले तर खणखणत नाही, ‘थप्’ असा बसका आवाज येतो. गळाच्या दोरीवर चिमटून बसवायच्या वजनांना हेच लागते. जमिनीखालच्या जुन्या टेलिफोन केबलचे आवरण, एक्स-रे खोलीच्या भिंतीतून निघालेले पत्रे आणि बिडाच्या जुन्या पाइपलाइनच्या जोडातून निघालेले शिसे या जातीचे. पूर्वी बिडाचे पाइप जोडताना सांध्यात ताग ठोकून वरून शिसे ओतत. त्यामुळे अशा शिशासोबत तागाच्या काड्या, चिखल आणि गंज येतोच. शिसे उत्तम असते, पण धुवायला आणि वाळवायला सगळ्यात जास्त वेळ याच मालाला द्यावा लागतो.

कडक शिसे मिळते ते टायरच्या दुकानांत. चाक बॅलन्स करताना रिमला ठोकतात त्या जुन्या वजनांत शिशाबरोबर दोन ते चार टक्के अँटिमनी आणि किंचित कथील असते. तळाशी पडून राहायच्या जड वजनांना हे चांगले, कारण दगडावर आपटून त्याचा आकार लवकर बिघडत नाही.

पण टायरवाल्याकडून आणलेली बादली सरळ कढईत ओतू नका. आधी गोणपाटावर पसरा आणि एकेक वजन हातात घ्या. हल्ली निम्म्याहून जास्त वजने लोखंडाची किंवा जस्ताची निघू शकतात. काहींवर ‘एफई’ किंवा ‘झेडएन’ अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. पहिली म्हणजे लोखंड, दुसरी म्हणजे जस्त. अक्षरे नसली तर कटिंग पक्कड घ्या आणि कडेला चावा घेऊन पाहा. शिशात पक्कड लोण्यात शिरावी तशी रुतते आणि चकचकीत खाच पडते. जस्तावर ती घसरते, फार तर कडेला एक बारीक रेघ उठते. फरशीवर टाकून आवाजही ऐका, जस्त टणत्कारते. चिकटपट्टीची वजने असतील तर पट्टी आणि फोम आधीच खरवडून काढा, नाहीतर कढईतून काळा, डोळे झोंबवणारा धूर निघतो.

जस्ताला इतके जपायचे कारण असे, की थोडेसे जस्त मिसळले तरी सगळा माल बिघडतो. पृष्ठभाग पेजेसारखा दाट होतो, धातू साच्यात नीट पसरत नाही, वजने खडबडीत आणि भोके पडलेली निघतात. एकदा विरघळलेले जस्त घरच्या साधनांनी वेगळे काढणे जवळपास अशक्य. गंधक टाकून ते काढायचा उपाय काही जण सांगतात. त्यातून सल्फर डायऑक्साइडचा वायू निघतो, तो उपाय घरी करू नका.

काही माल मुळातच हातात घेऊ नये. पहिली गोष्ट म्हणजे गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्या आतला बराचसा माल सल्फ्युरिक ॲसिडने भिजलेला शिशाचा ऑक्साइड आणि सल्फेट असतो. तो कढईत वितळत नाही, विषारी भुकटी होऊन उरतो. बॅटरीच्या जाळ्यांतल्या मिश्रधातूत अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असू शकते. त्याच्या मळीला, म्हणजे वितळल्यावर वर जमणाऱ्या घाणीला, ओल लागली की आर्सीन आणि स्टिबीन हे अत्यंत जहरी वायू तयार होऊ शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे परत जायला हवी. तिचे पैसेही मिळतात, मग ती फोडायची गरजच काय?

दुसरी गोष्ट, दवाखान्याच्या भंगारातले शिशाचे जाड डबे, नळकांडी, झाकणे. एक्स-रे खोलीचा सपाट पत्रा वेगळा आणि किरणोत्सारी द्रव्य ठेवायचा डबा वेगळा. पिवळ्या पाटीवरचे तीन पात्यांचे चिन्ह किंवा त्याची पुसट खूण दिसली तरी हात लावू नका, पोलिसांना कळवा. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत असाच फोडला गेला. त्यात अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा जीव गेला.

रंग दिलेले शिसेही टाळा. भंगारवाल्याकडून माल घेताना पावती मागा. केबलचे शिसे चोरीचे निघू शकते आणि नंतर निस्तरणे अवघड जाते.

जागा आणि वेळ

हे काम उघड्यावर करायचे. स्वयंपाकघर, बंद गॅरेज, बाल्कनी, जिन्याखालची जागा यातली एकही चालत नाही. शेतातला कोरडा, सपाट, कडेचा तुकडा सगळ्यात बरा. विहीर, गोठा, भाजीचा वाफा, कोंबड्या आणि मुलांची खेळायची जागा दूर हवी. गच्ची निवडणार असाल तर पाण्याची टाकी आणि वाळवण कुठे आहे ते पाहा. सांडगे-पापडांच्या दिवसांत गच्चीवर शिसे वितळवणे म्हणजे घरच्यांच्या ताटात विष कालवणे.

कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत हे काम काढूच नका. पाऊस पडत नसला तरी हवा ओली असते आणि साठवलेल्या शिशाच्या सुरकुत्यांत ओल मुरलेली असते. दिवाळीनंतर थंडी पडली की मार्चपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी दव सुकल्यावर सुरुवात करा. वारा पाठीवर घ्या, म्हणजे धूर तुमच्याकडून पलीकडे जाईल.

कढई सरळ काँक्रीटवर किंवा फरशीवर मांडू नका. वितळलेले शिसे काँक्रीटवर सांडले तर आतली ओल एकदम तापून वरचा थर फुटतो आणि तुकडे उडतात. खाली काठ वळवलेला लोखंडी पत्रा ठेवा आणि त्यावर उन्हात चांगली वाळवलेली वाळू बोटभर पसरा. सांडलेले शिसे वाळूतच थिजते आणि पुढच्या वेळी थंड कढईत टाकता येते.

सामान

कढई बिडाची किंवा जाड लोखंडाची. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात वापरू नका. ते तापून मऊ पडते आणि भरल्या वजनाखाली तळ सुटतो. जस्त चढवलेली बादली किंवा पत्राही नको, कारण मघाशी ज्या जस्ताला टाळले तेच आत येते. कढईला तडा नाही हे ठोकून, आवाज ऐकून पाहा.

वजनाचा अंदाज लोकांना येत नाही. एक लिटर शिसे म्हणजे ११.३ किलो. दोन लिटरची छोटी कढई अर्धी भरली तरी तेवढे वजन झाले, वर कढईचे वेगळे. घरच्या शेगडीची नाजूक जाळी ते पेलत नाही. तीन पायांची जाड लोखंडी तिवई आणि तिच्याखाली मोठा बर्नर किंवा कोळशाची भट्टी हवी. घरगुती गॅस सिलिंडर स्वयंपाकाव्यतिरिक्त वापरणे नियमात बसत नाही. गॅसच वापरायचा तर व्यावसायिक सिलिंडर घ्या आणि तो कढईपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. पहिल्यांदा करणाऱ्याने दहा किलोच्या वर जाऊ नये.

लांब दांड्याची लोखंडी पळी, भोकांचा झारा, खरवडायला लोखंडी पट्टी. ही साधने एकदा शिशात गेली की पुन्हा कधी स्वयंपाकात नाही. त्यांना लाल रंगाचा पट्टा मारा, म्हणजे वर्षभराने कुणी चुकून घरात नेणार नाही.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, सुती पँट आणि चामड्याचे बूट. पँट बुटाच्या वरून सोडा. बुटात खोचली तर उडालेला थेंब सरळ आत जातो. नायलॉन, पॉलिएस्टर कातडीला चिकटून वितळते. कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घाला. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल लावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने शिशाची धूळ अडत नाही. सुरक्षा साहित्याच्या दुकानात रबरी अर्धा मास्क मिळतो. त्याला धूळ आणि धूर अडवणारे पी-१०० दर्जाचे फिल्टर लावून घ्या. तापमानासाठी थर्मोकपल (धातूत बुडवायची तापमान मोजणारी सळी) असलेला डिजिटल मापक घ्या. हजारो अंशांच्या भट्टीवर काम केलेल्या माणसालाही शिशाचे ३५० आणि ४५० नुसत्या नजरेने वेगळे काढता येत नाहीत.

वाळवणे

पाणी वाफ होताना साधारण सतराशे पट फुगते. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब जरी सापडला तरी कढईतला धातू चेहऱ्याच्या उंचीपर्यंत उडतो.

भंगार धुवायचे असेल तर ते काम वितळवण्याच्या दिवशी नको. धुऊन ते किमान दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा, मधे पालथे करा. दुमडलेला पत्रा उलगडा. केबलच्या नळीचे तुकडे लांबीत चिरून सपाट करा. बंद टोकाची नळी, पोकळ गोळा किंवा आत काय आहे ते दिसत नाही असे काहीही कापून उघडल्याशिवाय कढईत टाकू नका. आत हवा आणि ओल कोंडलेली असते.

वाळलेला माल थंड कढईत भरा आणि मग जाळ पेटवा. मालाबरोबर कढई तापत गेली की उरलीसुरली ओल शिसे वितळण्याआधीच वाफेच्या रूपाने निघून जाते. एकदा वितळल्यावर त्यात नवा तुकडा टाकणे हेच सगळ्यात धोक्याचे. दुसरा घाणा हवा असेल तर पहिला ओतून कढई रिकामी करा आणि पुन्हा थंड सुरुवात करा. वेळ जास्त जातो, पण घरच्या कामाला हीच पद्धत योग्य.

साधनांनाही हेच लागू. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले जुने मिस्त्री शिकाऊ पोराने पळी उचलली की विचारतात, “बाळा, पळी तापवलीस का?” पोरगा “व्हय मामा” म्हणाला तरी ते पळी स्वतः ज्वाळेवर धरायला लावतात. तिच्या वाटीवर धुक्यासारखा ओलावा येतो, पसरतो आणि नाहीसा होतो. तो नाहीसा झाला की मगच पळी धातूत. झारा, पट्टी, थर्मोकपलची सळी, सगळ्यांना हाच नियम. पाण्याची बाटली, भिजलेले फडके, घामाने निथळणारा सहकारी, कुणीही कढईवर वाकायचे नाही. लोक विझवायला म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवतात, ती तर आधी हटवा. विझवायला कोरडी वाळू ठेवा.

वितळवणे आणि मळी काढणे

मध्यम जाळ ठेवा. सुरुवातीला तेल, रंगाचे डाग, रबराचे अवशेष जळून धूर येईल, त्यात तोंड घालू नका. मग तळाशी चमकदार थेंब जमू लागतात आणि माल हळूहळू बसतो. तापमान ३४० ते ३७० च्या दरम्यान ठेवा. या पट्ट्यात शिसे पातळ असते, पण जस्त (वितळणबिंदू ४१९) अजून घट्टच असते. निवडताना नजरेतून सुटलेले जस्ताचे वजन हलके असल्याने वर तरंगते. दिसताक्षणी झाऱ्याने उचला. फार वेळ राहिले तर ते कडेने विरघळू लागते. चाकाच्या वजनांना असलेल्या लोखंडी क्लिपाही वरच येतात. त्या काढताना कढईच्या काठावर हलकेच आपटून चिकटलेले शिसे परत आत पडू द्या.

आता पृष्ठभागावर राखाडी, जाडसर साय दिसेल. अनेक जण ती मळी समजून लगेच काढून टाकतात. तिच्यात घाण असतेच, पण हवेने ऑक्साइड झालेले शिसे आणि कथीलही असते. ते परत धातूत आणता येते, आणि त्यासाठी कार्बन लागतो. सुताराकडून साध्या सागाचा किंवा बाभळीचा भुसा आणा. प्लायवूडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नको. उन्हात वाळवा आणि कढईजवळ तापवून घ्या. मग पृष्ठभागावर दोन बोटे जाड थर पसरा.

आता घाई नको. भुसा कडेकडून तपकिरी, मग काळा होत जातो, धूर निघतो आणि कधी कधी वरच पेट घेतो. पेटला तर पेटू द्या, धूर कमी होतो. भुसा पूर्ण कोळसा झाला की तापलेली पट्टी घेऊन तळ आणि कडा खरवडा आणि खालचा धातू वर येऊन कोळशाला लागेल असा संथपणे ढवळा. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी गुळव्या जसा कडेला ओढत जमवतो, तशीच इथली काळी-राखाडी भुकटी झाऱ्याने एका बाजूला ओढा. मागे उघडा पडलेला पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. कोळशाने ऑक्साइडमधला ऑक्सिजन घेतलेला असतो, त्यामुळे शिसे आणि कथील पुन्हा धातू होऊन खाली मिसळतात. माती, गंज आणि तागाची राख मात्र कोळशाबरोबर वर उरते. भुकटी कोरडी, हलकी आणि भुसभुशीत असेल तर घाण निघाली. ती अजून जड, ओलसर चमकणारी असेल तर तिच्यात धातू आहे, आणखी ढवळा.

हेच दोन-तीनदा करा. शेवटच्या वेळी भुशाऐवजी मेणबत्तीचा सुपारीएवढा तुकडा टाकला तरी चालतो. मेणाचा धूर झट्कन पेटतो, म्हणून हात आणि चेहरा मागे ठेवा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर इथे नको. तो हवेतली ओल धरतो आणि झोंबणारा पांढरा धूर सोडतो.

मळी काढताना धूळ उडते आणि अंगात शिसे जाण्याची ही मोठी वाट आहे. ४०० अंशांच्या आत शिशाची वाफ फारच थोडी असते, ५०० च्या पुढे ती वाढत जाते. पृष्ठभागावर निळे-जांभळे-सोनेरी रंग झपाट्याने उमटू लागले की जाळ जास्त झाला असे समजा. पण जाळ बेताचा असतानाही भुकटीची धूळ असतेच, म्हणून झारा उंचावरून झटकू नका. झाकणाचा लोखंडी डबा कढईशेजारी ठेवा आणि मळी त्यात अलगद सोडा. डबाही कोरडाच हवा.

लगडी आणि वजने

स्वच्छ शिसे लगडींत ओतून ठेवणे सोयीचे. बाजारातून बिडाचे जुने अप्पेपात्र आणा, त्याच्या वाट्यांत लगडी छान पडतात. घरात ते पुन्हा जाता कामा नये. कल्हई केलेले किंवा कथील चढवलेले भांडे नको, शिसे त्याला डाग (सोल्डर) दिल्यासारखे चिकटते. वेल्डरकडून लोखंडी अँगलचे तुकडे टोके बंद करून घेतले तर ते जन्मभर पुरतात. साचा आधी तापवा. ओतल्यावर पाणी मारून गार करू नका. पृष्ठभाग थिजला तरी आत बराच वेळ शिसे पातळ असते. पूर्ण गार झाल्यावर उलटा करा आणि प्रत्येक लगडीवर छिन्नीने ‘मऊ’ किंवा ‘कडक’ खूण करा. नंतर ओळखू येत नाही.

वजनांचा साचा उद्यमनगरात कुणीही मशिनिस्ट ॲल्युमिनियमच्या दोन फळ्यांत कोरून देईल. ओतण्याआधी दिव्याची काजळी आतून धरा आणि साचा तापवा. पहिली दोन-चार वजने सुरकुतलेली निघाली तर साचा थंड आहे, ती परत कढईत जाऊ द्या, अर्थात गरम असतानाच. पृष्ठभाग खरखरीत, दव पडल्यासारखा पांढुरका दिसला तर साचा फार तापलाय. कडी म्हणून स्टेनलेस किंवा तांब्याची तार ओतण्याआधी साच्यात अडकवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओल राहते, मी तो सुचवणार नाही.

एक आग्रह आहे. बारीक, मण्याएवढी वजने शिशाची ओतू नका. तळ्याकाठी पडलेला असा मणी पक्षी खडा समजून गिळतात आणि पोटात विष भिनून मरतात. ब्रिटनमध्ये हंस याच कारणाने मरू लागले, तेव्हा १९८७ मध्ये सुमारे २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या गळवजनांवर बंदी आली. कोल्हापूरच्या रंकाळा आणि कळंबा तलावांवर हिवाळ्यात पाणपक्षी येतात. तिथे बारीक कामाला लोखंडी नट किंवा गारगोटी वापरा. शिसे मोठ्या वजनांसाठीच ठेवा. आणि दोरीवर वजन दाताने चावून बसवायची सवय असेल तर ती आजच सोडा, त्यासाठी पक्कड आहे.

हात, कपडे, मळीचा डबा

काम करताना पाणी, चहा, विडी, मावा काहीही नाही. तळहातावर तंबाखू-चुना मळणाऱ्याने तर विशेष लक्षात ठेवावे. शिसे हाताळून तंबाखू मळली की ते सरळ तोंडात जाते.

काम संपल्यावर हात, मनगट, नखे साबणाने घासून धुवा, चेहराही धुवा. बूट घराबाहेर ठेवा. कपडे वेगळ्या पिशवीत घाला, घरच्या धुण्यात मिसळू नका. अंघोळ करूनच मुलांना जवळ घ्या. जागा झाडूने लोटू नका, धूळ हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके मळीच्या डब्यात न टाकता वेगळ्या पिशवीत बांधा, कारण मळीला ओल लागू द्यायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रक्तातल्या शिशाची एकही पातळी सुरक्षित मानता येत नाही आणि त्याच स्रोतातून मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे मुरते. गरोदर बाईच्या अंगातून ते बाळापर्यंत पोचते. हाडांत साठलेले शिसे अनेक वर्षे तिथेच राहते. म्हणून मुले आणि गरोदर बायका त्या दिवशी आसपासही नकोत.

कातडीवर शिसे उडून चिकटले तर ओढून काढू नका. त्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी धरा, स्वच्छ कापड टाका आणि सरळ कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जा. हे पाणी कढईपासून लांब घ्यायचे. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

वर्षातून अनेकदा हे काम करत असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. पोटात कळा, बद्धकोष्ठ, सततचा थकवा, चिडचिड, रक्त कमी असणे ही लक्षणे दुसऱ्या आजारांतही दिसतात. शिसे हाताळता हे तुम्ही आपणहून सांगितले नाही तर डॉक्टरांना तिकडे शंका यायचे कारण नाही.

मळी घंटागाडीत, गटारात, शेताच्या बांधावर किंवा नदीत टाकू नका. तिच्यात अजूनही बरेच शिसे असते. डब्यावर ‘शिशाची मळी, विषारी, कोरडी ठेवा’ असे ठळक लिहा, झाकण घट्ट लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलूपबंद जागी ठेवा. डबा भरला की शिशाचा पुनर्वापर करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याला माल पुरवणाऱ्या भंगार व्यापाऱ्याकडे द्या आणि आत काय आहे ते त्याला तोंडी सांगा.